जुन्या अमेरिकी मोटारींचा जीर्णोद्धार

जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार म्हणजे ती कारखान्यातून ज्या रूपात बाहेर पडली त्या रूपाकडे तिला परत नेणे, आणि तेही शक्य तेवढे मूळ भाग जागेवर ठेवून. नुसती चालती करणे ही दुरुस्ती. आहे त्या अवस्थेत पुढचा ऱ्हास थांबवणे हे जतन. संग्राहकांच्या जगात या तिन्हींची किंमत वेगवेगळी असते आणि बहुतेक वाद त्यांची गल्लत झाल्याने होतात. ऐतिहासिक वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना ‘फिव्हा’ १९६६ मध्ये स्थापन झाली. जुन्या इमारतींच्या संवर्धनाची व्हेनिस सनद १९६४ ची. तिचाच आधार घेऊन फिव्हाने मोटारींसाठी ‘ट्युरिन सनद’ तयार केली. तिचा रोख स्पष्ट आहे: जमेल तिथे जतन, जतन अपुरे पडेल तिथेच जीर्णोद्धार, आणि काय बदलले याची लेखी नोंद.

मोटारींना इमारतींचे नियम लावणे ऐकायला चमत्कारिक वाटते, पण मराठवाड्यातल्या वाचकाला ते चटकन समजेल. जालना जिल्ह्यात भोकरदन तालुक्यातल्या अन्वा गावी जुने कोरीव शिवमंदिर आहे. त्याचे झिजलेले दगड काढून नवे गुळगुळीत दगड बसवले, वर ऑइल पेंट मारला, तर उभे राहील ते देऊळच असेल, पण अन्व्याचे ते देऊळ राहणार नाही. गावोगावच्या हेमाडपंती देवळांचे असे रंगकाम पुष्कळांनी पाहिलेले आहे. मोटारीच्या बाबतीत हीच चूक जास्त सहज होते, कारण चकाकी हा मोटारीचा गुण समजला जातो.

संग्राहकांच्या बोलण्यात दुसऱ्या महायुद्धाआधीच्या गाड्या साधारणपणे ‘व्हिंटेज’ आणि नंतरच्या ‘क्लासिक’. अमेरिकी क्लासिक स्पोर्ट्स कार म्हटली की पहिले नाव येते ते शेवरलेट कॉर्व्हेटचे. १९५३ मध्ये मिशिगनमधील फ्लिंट येथे तिच्या पहिल्या ३०० गाड्या जवळजवळ हातानेच जोडल्या गेल्या. सगळ्या पांढऱ्या, आत लाल बैठक, आणि बॉडी पत्र्याची नसून फायबर ग्लासची. दिसायला वेगवान असलेल्या या गाडीत सहा सिलिंडरचे १५० अश्वशक्तीचे इंजिन आणि दोनच गतींचा ऑटोमॅटिक गिअर होता. तिला खरी धाव मिळाली १९५५ मध्ये, ४.३ लिटरचे व्ही-८ इंजिन आल्यावर. झोरा आर्कस-डुन्टोव्ह या अभियंत्याने पुढची दोन दशके तिला शर्यतीच्या मैदानाजवळ नेले. १९६३ च्या ‘स्टिंग रे’ची मागची काच मधोमध पट्टीने दुभागलेली होती, मागचे दिसत नाही या तक्रारीमुळे ती रचना एकाच वर्षात गेली आणि आज तीच सर्वांत हवीशी ठरली आहे. फोर्डची दोन आसनी थंडरबर्ड १९५५ ची. कॅरोल शेल्बीची कोब्रा १९६२ ची. ती इंग्लंडच्या हलक्या एसी गाडीत फोर्डचे व्ही-८ बसवून तयार झाली. मस्टँग १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात लोकांसमोर आली आणि पहिल्या वर्षभरात चार लाखांवर खपली. काटेकोरपणे पाहता ती चार आसनी, स्पोर्ट्स कारच्या वळणाची घरगुती गाडी आहे.

या गाड्या महाराष्ट्रात जवळजवळ आल्याच नाहीत, आणि त्याचे कारण सालावारीत सापडते. जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला १९२८ मध्ये जोडणी कारखाना सुरू केला. सुटे भाग बोटीने यायचे आणि शेवरलेट इथे उभी राहायची. फोर्डनेही त्याच दशकात मुंबई, मद्रास आणि कलकत्ता येथे आपला जम बसवला होता. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि क्रायस्लरशी करार करून कुर्ल्याला डॉज, प्लिमथ, डिसोटो या गाड्या जोडायला सुरुवात केली. पुढे टॅरिफ कमिशनचा अहवाल आला. ज्यांचा भारतातच भाग बनवण्याचा कार्यक्रम नाही, त्यांना इथे थारा नाही असे धोरण ठरले. फोर्डने गाशा गुंडाळला. जनरल मोटर्सने १९५४ मध्ये शिवडीचा कारखाना बंद केला. अहवालाचे साल होते १९५३, म्हणजे फ्लिंटमध्ये पहिली कॉर्व्हेट बाहेर पडली तेच. अमेरिकेत स्पोर्ट्स कार जन्माला येत होती तेव्हा भारताचा दरवाजा लागत होता. त्यानंतर अमेरिकी मोटार देशात यायची ती मुख्यतः वकिलातींच्या आणि परदेशी अधिकाऱ्यांच्या वाटेने. हिंदी चित्रपटांतल्या लांबलचक इम्पाला पाहून एक वेगळाच समज होतो, पण तशा गाड्या थोड्या होत्या.

म्हणून महाराष्ट्रातला संग्राहक जेव्हा ‘अमेरिकन’ म्हणतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर बहुधा १९२८ ते १९५४ या काळातली शिवडीची शेवरलेट, कुर्ल्याची डॉज किंवा प्लिमथ, नाहीतर कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला हिंदुस्तान मोटर्सने जोडलेली स्टुडबेकर असते. मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनसारख्या १९१९ पासूनच्या संस्था आणि जुन्या गाड्यांच्या फेऱ्या यांमुळे अशा काही गाड्या टिकल्या. संस्थानिकांच्या गाड्यांची गोष्ट निराळी. कोल्हापूरच्या छत्रपतींची जर्मन मेबॅक आजही शाही दसऱ्याला बाहेर निघते, आणि हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात निजामाची पिवळी रोल्स-रॉइस ठेवलेली आहे. या गाड्या वाचल्या, कारण त्यांच्यामागे घराणे होते. व्यापाऱ्याच्या, डॉक्टरच्या, वकिलाच्या शेवरलेटमागे तसे कोणी नव्हते.

जालना १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. कापसाची बाजारपेठ आणि मनमाड–सिकंदराबाद रेल्वेवरचे स्टेशन यांमुळे ‘जालना सोने का पालना’ अशी त्याची ख्याती होती. पण इथल्या मातीत खऱ्या अर्थाने रुळलेले अमेरिकी वाहन म्हणजे जीप. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सुमारे ६ लाख ४० हजार जीप बनवल्या. एकच आराखडा, २.२ लिटरचे ६० अश्वशक्तीचे इंजिन, चारही चाकांना जोर. युद्ध संपल्यावर लष्कराचा उरलेला माल ‘डिस्पोजल’मध्ये निघाला आणि त्यातल्या जीप देशभर पसरल्या. त्याच सुमारास महिंद्रांनी मुंबईत माझगावला विलीज जीप जोडायला घेतली आणि पुढे तिचे भाग इथेच घडवले. काळ्या मातीच्या चिखलवाटा, निवडणुकीचा प्रचार, लग्नाचे वऱ्हाड, तहसीलदाराचा दौरा, ही सगळी जीपची कामे. स्पोर्ट्स कार नसली तरी उघडी, हलकी, दोन दारांचीही गरज न ठेवणारी ही गाडी आज जगभरच्या संग्राहकांना हवी आहे. परतूर-मंठ्याच्या शिवारात कॉर्व्हेट शोधण्यापेक्षा युद्धकाळातली जीप शोधणे शहाणपणाचे.

जीपचे उदाहरण अस्सलपणाच्या प्रश्नालाही सर्वांत चांगले लागू पडते. विलीजची एमबी आणि फोर्डची जीपीडब्ल्यू लांबून सारख्याच दिसतात. फरक पाहायचा तो चॅसीच्या अगदी पुढच्या आडव्या दांड्यात: विलीजचा दांडा गोल नळीचा, फोर्डचा उलट्या पन्हळीसारखा घडीचा. फोर्डने आपल्या बोल्टांच्या डोक्यांवर आणि कित्येक लहान भागांवर ‘एफ’ हे अक्षर उमटवले होते. ऐंशी वर्षांत बॉडी बदलली, इंजिनाच्या जागी डिझेल आले, गिअरबॉक्स दुसऱ्याच गाडीचा बसला, तरी तो पुढचा दांडा खोटे बोलत नाही. मराठवाड्यात जीपमध्ये डिझेल इंजिन बसवण्याचा प्रघात मोठा होता आणि त्या काळी तो बरोबरच होता. डिझेल स्वस्त होते, गाडी पोटासाठी चालत होती. मात्र काढलेले मूळ पेट्रोल इंजिन भंगारात गेले तेव्हा गाडीचा अर्धा इतिहास त्याबरोबर गेला.

आणि भंगाराचा विषय निघाला की जालन्याला वगळता येत नाही. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवून लोखंडी सळई बनवण्याचा उद्योग राज्यात नावाजलेला आहे. इंडक्शन भट्टीत दूरदूरचे भंगार येते. त्यात मोडीत निघालेल्या गाड्यांचा पत्रा आणि चॅसी असणारच. भट्टीला गुणवत्ता दिसते ती कार्बनची आणि मँगनीजची, सालाची नव्हे, आणि तिच्याकडून ती अपेक्षाही नाही. २०२१ च्या वाहन भंगार धोरणानंतर गाड्या मोडीत काढण्याचा वेग वाढणार आहे. रस्त्यावरचा धूर कमी होण्यासाठी ते हवेच. पण मोडीच्या दारात उभ्या असलेल्या हजार गाड्यांत एखादी राखण्याजोगी असते, आणि ती ओळखणारा डोळा भट्टीच्या गावात असणे ही मोठी सोय आहे.

प्रत्यक्ष काम उलगडण्यापासून सुरू होते, आणि बहुतेक जीर्णोद्धार इथेच बिघडतात. प्रत्येक भाग काढताना फोटो, प्रत्येक बोल्टला चिठ्ठी, प्रत्येक वॉशर त्याच्या डब्यात. घाईत पोत्यात टाकलेले नटबोल्ट पुढे सहा महिने खातात. बॉडीवरचा रंग उतरवताना थरांची नोंद ठेवली तर खालचा मूळ रंग कळतो; डॅशबोर्डाच्या मागे किंवा दाराच्या आतल्या कडेला तो बहुधा शिल्लक असतो. १९२० च्या दशकात अमेरिकेत ‘ड्यूको’ नावाचा झटपट वाळणारा लॅकर रंग आला आणि मोटारीला रंगीत करणे सोपे झाले; आपल्याकडचे रंगारी अजून कोणत्याही फवाऱ्याच्या रंगाला ड्यूकोच म्हणतात.

पत्र्याचे काम ही आपल्याकडची जमेची बाजू. छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे येताना चिकलठाण्याला एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा लागते. तिथे पिढ्यान्‌पिढ्या बसच्या बॉड्या बांधल्या गेल्या. पुढे शेंद्र्याला मोटारींचा कारखाना आहे. या पट्ट्यात हातोडी आणि डॉली घेऊन पत्रा मूळ वळणावर आणणारे हात कमी नाहीत. त्यांना एकच गोष्ट सांगावी लागते: लांबी भरून आकार दाखवायचा नाही. जुन्या काळी सांधे शिसे-कथलाच्या मिश्रणाने भरत. जाड लांबीखाली ओलावा अडकतो आणि दोन पावसाळ्यांत फोड येतात. १९३५ च्या आधीच्या शेवरलेटमध्ये आणखी एक गोष्ट लपलेली असते: पत्र्याच्या आत लाकडाचा सांगाडा. तो वाळवीने खाल्लेला असेल तर पत्रेवाल्याआधी सुतार हवा. कॉर्व्हेटचे उलटे आहे. तिची फायबरची बॉडी गंजत नाही म्हणून घेणारा निश्चिंत होतो आणि खालची लोखंडी चॅसी कुजलेली निघते. १९६३ नंतरच्या गाडीत काचेभोवतीचा लोखंडी पिंजराही तपासावा लागतो. तो गेला असेल तर खर्च अवाच्या सवा वाढतो.

इंजिनाचे काम जालन्यात अवघड नाही. सिलिंडर रिबोअर करणे, स्लीव्ह बसवणे, क्रँक ग्राइंड करणे, लेथवर बुश काढणे हे ट्रॅक्टर आणि पंपाच्या इंजिनांवर रोज होते. अडते ते जुन्या रीतींशी. १९५३ पर्यंतच्या शेवरलेटच्या सहा सिलिंडर इंजिनात कनेक्टिंग रॉडची बेअरिंग व्हाइट मेटल ओतून केलेली असत. हे ओतकाम जाणणारे कारागीर आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. विजेची व्यवस्था सहा व्होल्टची, आणि डॉज-प्लिमथमध्ये बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले, शेवरलेटमध्ये ऋण. हे न पाहता आजच्या सवयीने बॅटरी लावली की डायनॅमो आणि गेज यांचे नुकसान ठरलेलेच. क्रोम करताना खाली तांबे, मग निकेल, मग क्रोम असे थर द्यावे लागतात. तांब्याचा थर टाळला की बंपर वर्षभरात सोलतो.

हवेचा मुद्दा जालन्याच्या बाजूचा आहे. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत उघडा पत्रा झपाट्याने गंजतो. जालन्याचा पाऊस मुंबईच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास आणि हवा कोरडी, त्यामुळे शेडमध्ये उभी गाडी इथे जास्त टिकते. उन्हाळा मात्र रबर, बैठकी आणि लाकडाचा शत्रू. एप्रिल-मेच्या उष्म्यात कार्ब्युरेटरकडे जाणाऱ्या नळीत पेट्रोलची वाफ होऊन गाडी भर रस्त्यात बंद पडते. विहीर-बोअरचे जड पाणी रेडिएटरमध्ये क्षाराचे थर धरते, म्हणून त्यात शुद्ध केलेले पाणीच घालावे.

इंधन हा अलीकडे वाढलेला प्रश्न. फेब्रुवारी २००० पासून देशात शिसेविरहित पेट्रोल आहे. शिशावर विसंबून बनलेल्या जुन्या इंजिनांत व्हॉल्व्हच्या बैठका झिजतात, त्या कडक धातूच्या करून घ्याव्या लागतात. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. उसाच्या पट्ट्याला त्याचा फायदा आहे हे खरे, पण इथेनॉल पाणी ओढते, जुने रबर फुगवते आणि टाकीतला गंज सोडवून कार्ब्युरेटरमध्ये आणते. जीर्णोद्धार करताना नळ्या, पंपाचे पडदे आणि वॉशर इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घालणे हा मूळपणाशी केलेला एक अटळ समझोता आहे. तो बाहेरून दिसत नाही आणि उलटवता येतो, म्हणून तो मान्य करायला हरकत नसावी.

मूळपणाचे माप कोणते, यावर अमेरिकेत सर्वांत जास्त विचार झाला तो कॉर्व्हेटवाल्यांचा. १९७४ मध्ये स्थापन झालेली तिथली कॉर्व्हेट जीर्णोद्धारकांची संस्था गाडीला गुण देते ते ती कारखान्यातून निघाली तशी आहे का यावर. म्हणजे कारखान्यात रंगाचा ओघळ राहत असे तिथे ओघळ हवा. आरशासारखी गुळगुळीत बॉडी ही तिथे चूक ठरते. सर्वोच्च श्रेणीसाठी ९४ टक्के गुण लागतात. इंजिन ब्लॉकवरचा ओतीव नंबर, ओतल्याची तारीख, आणि गाडीच्या नंबराशी जुळणारा ठोकीव नंबर, हे सगळे जुळले तर गाडीची किंमत कित्येक पट होते. साहजिकच खोटे नंबर ठोकणारेही निपजले. ब्लॉकचा माथा घासून नवा नंबर मारला की कारखान्याच्या यंत्राचे बारीक समांतर ओरखडे नाहीसे होतात. जाणकार आधी तेच पाहतो.

न घासलेल्या गाडीचे मोल किती, याचा पुरावा जानेवारी २०२० मध्ये मिळाला. १९६८ च्या ‘बुलिट’ चित्रपटातली हिरवी मस्टँग ३४ लाख डॉलरच्या बोलीला गेली. तिचा जीर्णोद्धार झालेला नव्हता. रंग विटलेला, जागोजागी गंज. एका कुटुंबाने ती वर्षानुवर्षे घरातली गाडी म्हणून चालवली होती. दुसरा धडा केंटकीतल्या कॉर्व्हेट संग्रहालयाचा. १२ फेब्रुवारी २०१४ च्या पहाटे तिथली जमीन खचली आणि आठ गाड्या खड्ड्यात गेल्या. त्यांतल्या तीनच दुरुस्त केल्या गेल्या. उरलेल्या पाच चुरगळलेल्या अवस्थेतच प्रदर्शनात ठेवल्या, कारण त्या नव्याने बनवल्या असत्या तर जुने असे त्यांत फारसे काही उरले नसते. तो निर्णय योग्य होता.

भारतात कायद्याची बाजू जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनी बरीच मोकळी झाली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे होऊन गेलेले, मूळ रूपात राखलेले, चॅसी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार न केलेले दुचाकी वा चारचाकी वाहन ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षे, फेरनोंदणीला ५ हजार. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात; आधीपासून नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो आणि तो ठेवावाच, कारण निजामकाळाची वा मुंबई इलाख्याची ती पाटी हाही गाडीचा भाग आहे. अशी गाडी रोजच्या कामाला किंवा धंद्याला वापरता येत नाही. प्रदर्शन, फेरी, संशोधन, पेट्रोल भरणे आणि देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर. डिझेल बसवलेल्या जीपची अडचण या नियमाच्या शब्दांतच आहे. परदेशातून गाडी आणण्याची मुभा पूर्वी १९५० च्या आधीच्या गाड्यांपुरती होती. २०२५ मध्ये ती ५० वर्षांहून जुन्या गाड्यांना मिळाली. त्यामुळे १९५३ ची कॉर्व्हेट किंवा १९६४ ची मस्टँग कायदेशीर मार्गाने आणणे शक्य झाले. तिचे स्टिअरिंग डावीकडे असेल, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १२० प्रमाणे तिला चालू स्थितीतले दिशादर्शक असले पाहिजेत. स्टिअरिंग उजवीकडे बसवून घेण्याचा मोह संग्राहकाने टाळावा. त्यात गाडीचे मूळपणही जाते आणि मूल्यही.

खर्चाचे गणित मात्र प्रामाणिकपणे मांडायला हवे. आयात शुल्क, सुटे भाग आणि दोन-तीन वर्षांचे काम धरता अमेरिकी स्पोर्ट्स कार मराठवाड्यात आणून उभी करणे हा मोजक्यांचा छंद राहील. कुर्ल्याची डॉज किंवा डिस्पोजलची जीप यांचे तसे नाही. त्यांना लागणारी लेथ, भट्टी, पत्रेकाम, सगळे जालना-संभाजीनगरच्या साठ किलोमीटरच्या रस्त्यावर आहे. उणीव आहे ती कागदांची आणि ओळखीची. जिल्ह्यात कोणाच्या गोठ्यामागे, जिनिंगच्या पडक्या शेडमध्ये अशी गाडी उभी असेल, तर भंगारवाल्याशी भाव ठरवण्याआधी तिच्या पुढच्या दांड्याखाली वाकून पाहावे, बोल्टांवरचे अक्षर वाचावे, नंबर घासून न काढता तेलाच्या फडक्याने हलके पुसून त्याचा फोटो घ्यावा, आणि आजोबांच्या पेटीत आरसी बुक शोधावे.